भिंतीकडे तोंड करून ऐकणारे गुरुजी

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने सांभाळून घ्यावं. गुरुजींनी मला अशी माफी मागू दिली नसती. "गणितात चूक असते ताई, गोष्टीत कायची चूक?" असं ते म्हणायचे. पोरांच्या गोष्टींना त्यांनी कधी लाल पेन लावलं नाही. पोराने 'पानी' लिहिलं तरी ते पाणी समजून पुढे वाचायचे. पण मी लिहिते आहे ती गोष्ट नाही, घडलेलं आहे. त्यामुळे चूक निघू शकते.

भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याच्या पुढे आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत मी पोरांची खिचडी शिजवते. स्वयंपाकाची खोली वर्गाला लागून आहे, मधे एक खिडकी. तिला गज आहेत, झडप नाही. तांदूळ निवडता निवडता वर्गातलं सगळं ऐकू येतं. गुरुजींच्या आधी त्या खिडकीतून पाढे यायचे आणि छडीचा आवाज यायचा. गुरुजी आले आणि पहिल्याच शनिवारी मला वाटलं वर्गात कोणी मोठं माणूसच नाही. डोकावून पाहिलं तर गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसले होते, शिक्षा झालेल्या पोरासारखे. त्यांच्या पाठीमागे एक पोरगं उभं राहून बोलत होतं.

ती त्यांची पद्धत होती. पोरगं गोष्ट सांगायला उठलं की हे खुर्ची फिरवून भिंतीला नाक लावायचे. मुख्याध्यापक बाईंनी एकदा विचारलं, "हे काय सर, तुमची तब्येत बरी नाही का?"

"तोंडाकडं पाह्यलं का पोरगं मले आवडंल तेच सांगते मॅडम," ते म्हणाले. "पाठीले आवडनिवड नसते."

चहाच्या टपरीवर ही गोष्ट पोचली. गावात त्यांना 'भिंतवाले गुरुजी' नाव पडलं. कोणी 'अर्धे गुरुजी' पण म्हणायचे, कारण ते कोणतीच गोष्ट पूर्ण सांगायचे नाहीत. फक्त पहिलं वाक्य द्यायचे. एक दिवस चिंचेच्या झाडाला चिंचांऐवजी चपला लागल्या. एक दिवस आजोबांची सावली घरी आली आणि आजोबा आलेच नाहीत. एवढं बोलून ते भिंतीकडे वळायचे. पुढचं पोरांनी पाहावं.

त्यांचे दोन कायदे होते. 'एक होता राजा' म्हणायचं नाही, कारण आपल्या गावात राजा कोणी पाहिला नाही. आणि शेवटी तात्पर्य सांगायचं नाही. एका पोराने सवयीने सांगितलं, "म्हणून आपण खोटं बोलू नये." गुरुजी भिंतीकडूनच ओरडले, "अरे, एवढी मस्त गोष्ट सांगतली अन् शेवटी तिच्यावर माती काहून टाकली?"

मोपेडच्या हँडलला त्यांची एक खताची पिशवी लटकलेली असायची. तिच्यात भंगार. एका पायाची चप्पल, काडी तुटलेला चष्मा, कुलूप नसलेली किल्ली, एसटीतली घंटी. पोराने डोळे मिटून हात घालायचा आणि निघेल ती वस्तू कोणाची ते सांगायचं. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला किल्ली निघाली. ती म्हणाली, "हे उन्हाळ्याची किल्ली हाये. आमची आजी उन्हाळ्यात मेली, तवापासून उन्हाळा आमाले आवडत नाही, म्हणून कोणंतरी त्याले बंद करून ठेवलं." गुरुजींची पाठ हलली नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात मागे केला, किल्ली घेतली आणि पिशवीत ठेवली. शाबास म्हणाले नाहीत. ते कधीच म्हणायचे नाहीत. पोरं शाबासकीच्या मागे लागतात असं त्यांचं म्हणणं. पण त्या दिवशी जेवताना ते माझ्याकडे आले आणि खिचडी मागून घेतली. एरवी ते डबा आणायचे.

मी फार बोलणारी बाई नाही. घरात सासऱ्यांपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही, बचत गटाच्या बैठकीतही माझ्या तोंडून हो किंवा नाही एवढंच निघतं. माणूस तोंडाकडे पाहायला लागलं की माझं बोलणं आत जातं. गुरुजींनी हे कधी ओळखलं मला माहीत नाही. एक दिवस ते पाणी प्यायला आले, ग्लास घेतला आणि चुलीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "ताई, एक दिवस खिचडीच्या गंजात चमचा फिरवता फिरवता तो कोणाच्या तरी हाताले लागला."

मला हसू आलं. मग मी बोलले. पाच-सहा वाक्यं असतील. गंजाच्या, म्हणजे खिचडीच्या मोठ्या पातेल्याच्या, तळाशी एक बाई राहते, ती सगळ्या पोरांना नावाने ओळखते, कोण घरून जेवून आला आणि कोण उपाशी आला हे तिला कळतं, ती उपाशी पोराच्या बाजूला तांदूळ ढकलते. असं काहीतरी. गुरुजींनी ऐकलं, ग्लास विसळून पालथा घातला आणि गेले. इतकं सलग मी लग्नानंतर कोणाशी बोलले नव्हते.

त्यांचे वडील जवाहरनगरला फॅक्टरीत होते. तिथल्या क्वार्टरांत ते वाढले. एकदा त्यांनी चुलीकडे तोंड करून सांगितलं, "सगळे क्वार्टर एकसारखे ताई. दार सारखं, रंग सारखा. मी लहानपणी दुसऱ्याच्याच घरात घुसलो, हातपाय धुतले अन् पाटावर बसलो. त्या काकूनं काही विचारलं नाही, वाढलं. भाजी तिखट लागली तवा मले समजलं का हे आपलं घर नव्हे."

"मग?"

"मंग काय, जेवलो. तिनं तिच्या लेकाचं नाव घेऊन हाक मारली तं ओ दिली. त्या दिवशी मी दुसराच पोरगा होतो." ते हसले. "पोट्ट्यायले मी तेच करायले लावतो. दुसऱ्याच्या घरात घुसून पाटावर बसा म्हणतो."

त्यांची बायको म्हणे त्यांना म्हणायची की पगाराचं काम करा आणि घरी या. ते त्यांनीच सांगितलं होतं, हसत.

पुस्तकाची कल्पना त्यांची. पोरांच्या गोष्टी छापायच्या, एकेका पोराची एक, खाली नाव, पोरांनीच काढलेली चित्रं. "पाठ्यपुस्तकात आपलं गाव कुठंच नाही," ते पालकसभेत म्हणाले. "आपण आपलं बनवू." प्रत्येक घराने पन्नास रुपये द्यायचे ठरले. नाही नाही म्हणत सगळ्यांनी दिले. मी माझे मानधनातले दिले, घरात न सांगता. गुरुजी भंडाऱ्याला जाऊन छापखान्यात पैसे भरून आले. पोरं रोज विचारायची, "गुरुजी, आलं का?" ते म्हणायचे, "कागद कापून राहिले." मुलगी झोपताना मला विचारायची, पुस्तकात तिच्या नावापुढे माझं नाव येईल की बाबांचं. गुरुजींनी सांगितलं होतं, तुला पाहिजे ते लिही. तिने माझं लिहिलं होतं.

पुस्तक यायच्या आधी, सव्वीस जानेवारीला, पोरांनी गोष्टी वाचून दाखवायच्या होत्या. झेंडा झाला, बुंदी वाटली, समोर खुर्च्यांवर शाळा समितीचे अध्यक्ष आणि चार माणसं बसली. माझ्या मुलीला गुरुजींनी पहिलं वाक्य दिलं होतं: एक दिवस आपल्या गावचा तलाव उठून चालू लागला. पुढचं सगळं तिचं होतं. मला पाठ आहे.

"तलाव रोज सकाळी उठून आपलं अंग पाहे, तं कालच्यापेक्षा लहान झालेलं. कोणीतरी त्याले रोज रात्री घासघास खाऊन राहिलं होतं. तलावानं खूप सहन केलं. मंग एक दिवस त्यानं चटईवानी सोताले गुंडाळलं, मासोळ्या काखेत घेतल्या अन् दिघोरीले मामाच्या घरी निघाला. बेडकं म्हणे, काका, आमाले काहून नेत नाही? तलाव म्हणे, तुमी वरडा, म्हणजे मले घर कुठं होतं ते ध्यानात राहीन."

सगळे हसले. हसू चांगलं होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "काय व अध्यक्ष, तुमच्याच बांदीतून गेला का तलाव?"

आता हसू वेगळं झालं. तलावाला लागून अध्यक्षांची बांदी, म्हणजे धानाचं शेत, आहे आणि तिचा बांध दरवर्षी तलावाकडे सरकतो. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. माझ्या मुलीला माहीत नव्हतं. तिच्या डोक्यात कोणी राक्षस होता, पाणी खाणारा, तिने त्याचं चित्रही काढलं होतं, शिंगांचं. पण अध्यक्षांचे कान लाल झाले. ते उठले, मुलीजवळ गेले, गोड आवाजात म्हणाले, "बेटा, हे कोणं सांगतलं तुले?"

"गुरुजींनं," मुलगी म्हणाली. अभिमानाने म्हणाली.

"काय सांगतलं गुरुजींनं?"

"तलाव उठून चालू लागला म्हणून."

अध्यक्षांच्या पुतण्याने मोबाइल धरलेलाच होता. "झालं का रेकॉर्डिंग?" त्यांनी विचारलं.

मी बुंदीचं ताट घेऊन तिथेच उभी होते. मी म्हणाले, "पयलं वाक्यच फक्त त्यायचं होतं जी." पण कोणी ऐकलं नाही. माझा आवाज तसा आहे.

दुपारपर्यंत ते गावच्या ग्रुपवर फिरलं. मास्तर लेकरांच्या तोंडून राजकारण करतो, असं वर लिहिलेलं. माझे मालक, मुलीचे बाबा, अध्यक्षांचा ट्रॅक्टर चालवतात. संध्याकाळी ते घरी आले, चप्पल काढली आणि मुलीला म्हणाले, "शाणी झाली का लई?" मारलं नाही. मारलं असतं तर ती रडली असती आणि मोकळी झाली असती.

मग तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब चौकशीला आले. वर्गातच बसले. मी खिडकीच्या अलीकडे तांदूळ निवडत होते. साहेबांनी मुलीला उभं केलं आणि सरळ विचारलं, "ही गोष्ट तू स्वतः रचली की सरांनी सांगितली? तू रचली असशील तर वडिलांना बोलवावं लागेल."

मुलगी बोलायच्या आधी गुरुजी बोलले. "तिची नाही साहेब. पूर्ण गोष्ट मी सांगतली. तिनं फक्त वाचली."

"बेडकांचंसुद्धा?"

"बेडकायचंबी."

साहेबांनी लिहून घेतलं. मला कळलं गुरुजींनी काय केलं ते. माझ्या मालकांचं काम, माझी चूल, सगळं त्यांनी एका वाक्यात वाचवलं. पण मुलगी नऊ वर्षांची होती. ती गुरुजींकडे पाहत राहिली. गुरुजींचं तोंड तेव्हा भिंतीकडे नव्हतं, सगळ्यांच्या समोर होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "आई, बेडकं माह्ये होते."

मी समजावलं. तुझ्या बाबांसाठी, आपल्यासाठी त्यांनी तसं केलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आता त्या कागदावर ते त्यायचे हायेत ना?"

त्यानंतर पालक एकेक करून शाळेत आले. ओरडायला कोणी आलं नाही, सगळे अदबीने आले. "गुरुजी, आमच्या पोट्ट्याचं नाव पुस्तकातून काढा जी. राग नोका मानू. घरकुलाचा कागद अध्यक्षापाशी अटकला हाये." कोणाचं रोजगाराचं काम होतं, कोणाचा विहिरीचा अर्ज. एक आजी आली, तिला नक्की काय काढायचं हेच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सगळे काढून राहिले म्हणतात, तं आमचंबी काढा." गुरुजी प्रत्येकाला हो म्हणायचे. हातातल्या गठ्ठ्यातून ती गोष्ट काढून परत द्यायचे. गठ्ठा पातळ होत गेला.

शेवटी ते माझ्याकडे आले. ग्लास घेतला, चुलीच्या भिंतीकडे वळले. "ताई, तुमी काय म्हणता?"

"राहू द्या," मी म्हणाले. मालकांना न विचारता म्हणाले. "तिची छापा."

चुलीवरच्या भिंतीला काजळी आहे, ते तिच्यावर बोट फिरवत होते. "एका गोष्टीचं पुस्तक होत नाही ताई," ते म्हणाले. "अन् ते तिची राह्यलीबी नाही. मी साहेबासमोर माही म्हणून आलो. आता तिच्या नावानं छापली तं पोरगी खोटी पडते, माह्या नावानं छापली तं मी चोर होतो."

महिनाभरात त्यांना लाखांदूरकडे एका शाळेत पाठवलं. जाताना पिशवी वर्गातच राहिली. नव्या बाई चांगल्या आहेत, वेळेवर येतात, पोरांकडून पाढे करून घेतात. त्यांनी ती पिशवी माझ्याकडे दिली, "ताई, हे भंगार टाकून द्या." मी घरी आणली. एक दिवस त्यातली किल्ली काढून मुलीसमोर ठेवली. फक्त ठेवली. तिने उचलली, उलटीपालटी केली. "किल्ली हाये," म्हणाली. "कुलूप नसंल तं कायले ठेवली?"

आता ती सहावीत आहे. निबंध गाइडमधून पाठ करते. 'माझी आई' लिहिला होता, दहापैकी आठ मिळाले. त्यातली आई पहाटे उठून बागेतली फुलं आणते आणि ऑफिसला जाते. मी विचारलं, ही कोणती आई? ती म्हणाली, "हेच लिवावं लागते."

छापखान्यातून पैसे परत आले नाहीत. कागद कापून झाला होता, त्यांचाही दोष नाही. पण गुरुजींनी घराघरातून घेतले होते, त्यामुळे त्यांनी आपल्या पगारातून घराघरात परत द्यायचं ठरवलं. रविवारी मोपेडचा आवाज यायचा. दोन-तीन घरं करायचे आणि परत जायचे. एकदम का देत नाहीत, असं लोक विचारायचे. पगारातून घर चालवून उरेल तसं ते आणत असावेत. लोक घ्यायचे. एकाने म्हटलं, "राहू द्या ना गुरुजी, पन्नासानं काय होते," पण हात पुढे केलाच. चहाला बसा असं कोणी म्हणत नव्हतं. अध्यक्षांच्या घरीही ते गेले. अध्यक्षांचा नातू दुसरीत होता, त्याचेही पन्नास होते.

मोपेडचा आवाज आला की मी घरातून निघून जायचे. परसातून मागच्या वाटेने, कधी विहिरीवर, कधी बहिणीकडे. मालक म्हणायचे, "गुरुजी आले होते, तुह्याच हातात देतो म्हणे. कुठं गेली होती?" मी म्हणायचे, काम होतं. लोकांना वाटलं असेल मी रागावले आहे. तसं नव्हतं. माझ्या मनात होतं की जोवर एका तरी घराचे पैसे द्यायचे बाकी आहेत, तोवर ते पुस्तक यायचं बाकी आहे. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. बाकी सगळ्या घरांचे झाले तरी मी लपत राहिले. धानाची एक रोवणी गेली, धान कापून झाला.

मागच्या रविवारी मी अंगणात धान वाळायला घातला होता. पायाने पसरत होते. वाऱ्यामुळे असेल, आवाज आला नाही. वळले तेव्हा गुरुजी फाटकाशी उभे होते. बारीक झाले आहेत. मोपेडच्या हँडलला काही लटकलेलं नव्हतं.

मी मनात तयारी करून ठेवली होती. कधी गाठ पडलीच तर सांगायचं, असं एक मी रचून ठेवलं होतं. मामाच्या घरी गेलेल्या तलावाला रात्री बेडकांचा आवाज ऐकू येतो, आणि तो अंथरुणातून उठतो. एवढंच होतं. पुढचं त्यांनी मुलीला विचारावं, ती दारात उभी राहून पाहत होती. आमच्या घराची भिंत त्यांच्या शेजारीच होती, पांढऱ्या मातीने सारवलेली. ते फक्त तिकडे वळले असते तरी मी बोलले असते.

ते वळले नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले, सगळी माणसं पाहतात तसं. खिशातून नोट काढली.

"तुमचेच राह्यले होते ताई."

मी हात पुढे केला नाही. आतून मालक म्हणाले, "घे न वं, केवढ्या लांबून आले ते." गुरुजींनी वाकून नोट धानाच्या कडेला ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक खडा ठेवला. दारातल्या मुलीकडे पाहिलं.

"कितवीत गं?"

"सहावीत."

"अभ्यास करते ना?"

"हो सर."

तिने सर म्हटलं. पूर्वी गुरुजी म्हणायची. मी वाट पाहत होते की आता ते एक दिवस असं असं झालं म्हणतील. त्यांनी मान हलवली, मोपेडला किक मारली. दोनदा लागली नाही, तिसऱ्यांदा लागली.

आवाज गावाबाहेर जाईपर्यंत मी उभी होते. मग खडा बाजूला केला आणि नोट उचलली. आता कोणाचंच काही बाकी नाही.